सेवक-नेतृत्व : मुंबईतील ख्रिस्ती महाविद्यालये आणि विद्यार्थ्यांची जडणघडण

पुढारीपण करणाऱ्याने आधी सेवा करावी आणि त्या सेवेतूनच त्याला पुढे होण्याचा अधिकार मिळावा, या विचाराला सेवक-नेतृत्व म्हणतात. ख्रिस्ती परंपरेत त्याचा आधार येशूच्या वागण्यात शोधला जातो. उच्च शिक्षणात हा विचार भाषणांपेक्षा रोजच्या वागणुकीतून ओळखता येतो. प्राध्यापक तासानंतर विद्यार्थ्यासाठी थांबतो का, वसतिगृहाचा रेक्टर कोणाची चौकशी करतो, प्राचार्यांचे दार कोणासाठी उघडे असते, यांवरून तो पारखावा लागतो. मुंबईत या वागणुकीला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तिचे आजचे नाव मात्र पन्नास-पंचावन्न वर्षांपलीकडचे नाही. या साऱ्या काळात एक प्रश्न सतत डोके वर काढत आला आहे : शिक्षक विद्यार्थ्यासाठी झिजतो तेव्हा त्याबदल्यात त्याला काय हवे असते?

धर्मग्रंथातील आधार

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान हे दोघे भाऊ येशूच्या उजव्या-डाव्या हाताची आसने मागतात. बाकीचे शिष्य चिडतात. त्यावर येशू सांगतो, की परराष्ट्रांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने इतरांचा सेवक व्हावे. योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल गुंडाळतो आणि शिष्यांचे पाय धुतो. हे काम त्या काळी घरातल्या गड्याचे. पेत्र आधी पाय पुढे करायलाच तयार होत नाही.

या प्रसंगाचा एक भाग प्रवचनांत बहुधा सुटतो. पाय धुऊन पुन्हा बसल्यावर येशू म्हणतो, की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, कारण मी तसा आहे. म्हणजे तो गुरुपद टाकून देत नाही. ते कशासाठी वापरायचे एवढेच बदलतो. शिक्षकाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे, कारण विद्यार्थ्यांशी बरोबरीचे नाते असल्याचा आव आणणारा प्राध्यापकही शेवटी गुण देतो आणि हजेरी लावतो.

मुंबई-वसईतील कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. हा विधी पूर्वी नियमाने पुरुषांपुरता होता. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात रोमने तो स्त्रियांसाठीही खुला केला.

विसाव्या शतकातील मांडणी

आज व्यवस्थापनशास्त्रात शिकवली जाणारी मांडणी रॉबर्ट ग्रीनलीफ (१९०४–१९९०) या अमेरिकनाची. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीतील दीर्घ नोकरीनंतर त्यांनी १९७० मध्ये एक निबंध लिहिला. १९६० च्या दशकात अमेरिकी विद्यापीठे धुमसत होती आणि विद्यार्थी कोणाचेही पुढारीपण मानायला तयार नव्हते, ही त्यामागची पार्श्वभूमी. ग्रीनलीफ क्वेकर या ख्रिस्ती पंथाशी जोडलेले होते. तरीही त्यांना पहिली ठिणगी बायबलमधून न मिळता हेर्मान हेस यांच्या कादंबरीतल्या एका नोकराच्या पात्रावरून मिळाली. त्यांची कसोटी साधी आणि कडक आहे. ज्यांची सेवा झाली ते माणूस म्हणून वाढले का? ते अधिक शहाणे, अधिक स्वतंत्र झाले का, आणि पुढे स्वतः सेवा करण्याकडे वळले का? शिवाय समाजातल्या सर्वांत वंचित माणसाच्या पदरात काय पडले? पुढे लॅरी स्पीअर्स यांनी ऐकून घेणे, सहानुभूती, दूरदृष्टी अशी दहा लक्षणे नोंदवली. कार्यशाळांत ती फळ्यावर हमखास दिसतात; कसोटीची आठवण मात्र क्वचितच निघते.

कॅथलिक शिक्षणात दुसरा प्रवाह येशूसंघाचा, म्हणजे जेझुइटांचा. प्रत्येक विद्यार्थ्याची व्यक्ती म्हणून काळजी घेणे हे त्यांच्या शिक्षणपद्धतीचे ब्रीद मानले जाते. ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील वालेन्सिया येथे संघाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी माजी विद्यार्थ्यांपुढे प्रश्न टाकला, की आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का? आणि उत्तरही त्यांनीच दिले : नाही. ‘दुसऱ्यांसाठी जगणारी माणसे’ घडवण्याचे जे ध्येय जेझुइट महाविद्यालये आज सांगतात, त्याचा उगम या भाषणात आहे. सभेतले काही श्रोते दुखावले गेले होते, हेही नोंदवायला हवे.

मुंबई : विल्सन यांचा काळ

स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले. मराठी शिकण्यासाठी ते कोकणात हर्णैला जाऊन राहिले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये त्यांचा मुंबईतच मृत्यू झाला. १८३२ मध्ये सुरू झालेल्या इंग्रजी शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय उभे राहिले. गिरगाव चौपाटीसमोरची त्याची इमारत १८८९ ची. विल्सन पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

त्यांच्या कष्टांबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण विद्यार्थ्यांशी असलेले त्यांचे निकटचे नाते आणि धर्मप्रसार हे एकमेकांत मिसळलेले होते. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा शहर हादरले. प्रकरण न्यायालयात गेले, पालकांनी मुले काढून घेतली, शाळेची पटसंख्या कोसळली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला, तो अज्ञान म्हणजे कायद्याने वयात न आलेला असल्याने, न्यायालयाने वडिलांच्या ताब्यात दिले. त्याला प्रायश्चित्त देऊन परत जातीत घ्यावे की नाही, यावर ब्राह्मण समाजात मोठा वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. नारायण शेषाद्री यांनी आपण विचारपूर्वक धर्म बदलला असेच सांगितले. पालकांना मात्र गुरूने मुलगा नेला असे वाटले. कोवळ्या वयाच्या मुलाच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या करणे न्यायालयालाही सोपे गेले नाही. ग्रीनलीफ यांच्या कसोटीतला ‘अधिक स्वतंत्र झाला का’ हा प्रश्न इथे नेमका बोचतो.

मराठी ख्रिस्ती मंडळींनीही मिशनच्या वडीलकीबद्दल अस्वस्थता दाखवली. कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगारापासून मोकळे होऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. गुरू परदेशी साहेबच असला पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते.

विद्येतून जडलेले नाते

१८६९ मध्ये जर्मन जेझुइटांनी सेंट झेवियर्स महाविद्यालय स्थापन केले. पहिल्या महायुद्धात जर्मन धर्मगुरूंना इंग्रज सरकारने कामावर राहू दिले नाही आणि पुढे त्यांच्या जागी स्पॅनिश जेझुइट आले. इथे विद्यार्थी घडवण्याचा एक वेगळा घाट तयार झाला. त्यात गुरू शिष्याला बायबलऐवजी आपल्या अभ्यासविषयात ओढत असे. स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लाटर यांनी वनस्पतींच्या नमुन्यांचा संग्रह उभा केला. तो आज ब्लाटर हर्बेरियम म्हणून ओळखला जातो. त्यांच्यानंतर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळा आणि पुरंदरच्या डोंगरांतील वनस्पतींची नोंद केली, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुखपद सांभाळले आणि भारतीय नागरिकत्व घेतले. १९२२ मध्ये आलेल्या हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये भारतीय इतिहासाची संशोधन संस्था काढली. सिंधू लिपीबद्दलची त्यांची मते आज फारशी मानली जात नाहीत. पण संस्थेच्या ग्रंथालयात आणि संग्रहालयात विद्यार्थ्यांना मूळ साधने हाताळायला मिळाली, ही त्यांची खरी कमाई. सेवक-नेतृत्वावरच्या पुस्तकांत असल्या माणसांचा उल्लेख सहसा नसतो. विद्यार्थ्याला आपल्यापुढे जाऊ देणारा संशोधक हा त्या कल्पनेचा उत्तम नमुना आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

तिसरा घाट नागपाड्यात घडला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहुड हाउस चालवले. गिरणी आणि गोदी कामगारांच्या त्या वस्तीत सर्व धर्मांच्या लोकांसाठी दवाखाना, वर्ग, खेळ असे काम चाले. धर्मांतर हा त्याचा हेतू नव्हता. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले, तेव्हा मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. ती ख्रिस्ती संस्था नाही. पण वस्तीत जाऊन काम करायचे आणि त्या कामावर पर्यवेक्षकाबरोबर बसून बोलायचे, ही समाजकार्य-शिक्षणाची पद्धत मुंबईत रुजली ती इथून. १९५५ मध्ये कॅथलिक धर्मभगिनींनी सुरू केलेले निर्मला निकेतन त्याच वाटेवरचे. स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी सेक्रेड हार्ट संघाच्या भगिनींनी १९४० मध्ये सोफिया महाविद्यालय काढले होते.

सध्याची रीत

आज मुंबईच्या महाविद्यालयांत ‘मेंटर’ (मार्गदर्शक शिक्षक) आणि ‘मेंटी’ (त्याच्याकडे सोपवलेला विद्यार्थी) हे शब्द सर्रास चालतात. त्याला ख्रिस्ती परंपरेपेक्षा नॅक ही महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी संस्था अधिक कारणीभूत आहे : मूल्यांकनात एका मेंटरमागे विद्यार्थी किती, हे विचारले जाते. परिणामी पथक येण्याच्या आधी फाइली रंगतात, सह्या होतात, आणि ज्या मुलाच्या नावापुढे तीन बैठका नोंदलेल्या असतात त्याला आपला मेंटर कोण हे ठाऊक नसते. ख्रिस्ती महाविद्यालयेही याला अपवाद नाहीत.

जिथे हे काम मनापासून होते तिथे ते अगदी साध्या गोष्टींपासून सुरू होते. विरारहून चर्चगेटला येणाऱ्या मुलीला पहिल्या तासाला उशीर का होतो, हे कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर यादी लावण्याआधी विचारायचे. एटीकेटी लागलेल्या, म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्या, मुलाने घरी सांगितले आहे का, याची चौकशी करायची. फी भरायला पैसे नसतील तर मदतनिधीचा अर्ज चारचौघांत भरायला लावायचा नाही. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी वर्गात तोंड उघडत नाही तेव्हा त्याला विषय येत नाही की इंग्रजीची भीती वाटते, हे ओळखायचे. दक्षिण मुंबईच्या महाविद्यालयांत हा शेवटचा प्रश्न फार जुना आहे, आणि गावाकडून वसतिगृहात आलेल्या मुलांना तो दुप्पट भेडसावतो.

सेंट झेवियर्समध्ये समाजकार्यातील सहभाग विद्यार्थ्यांना सक्तीचा आहे. तिथेच २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी साधन-केंद्र चालते. सक्तीची सेवा ही सेवा ठरते का, असा आक्षेप विद्यार्थीच घेतात. आरुपे यांच्या भाषणाकडे बघता त्याचे उत्तर बहुधा असे द्यावे लागेल, की सवय आधी लागते आणि कळकळ जमलीच तर मागून येते.

मेंटर हा समुपदेशक नव्हे, ही मर्यादाही आता पाळली जाऊ लागली आहे. नैराश्य किंवा छळाची बाब असेल तर ती प्रशिक्षित माणसाकडे सोपवावी लागते. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशनाची दूरध्वनी सेवा २०१२ पासून आहे. चर्चमधील लैंगिक शोषणाची प्रकरणे जगभर उघड झाल्यावर धर्मगुरू आणि विद्यार्थी यांच्या एकांतातील भेटींकडे पूर्वीच्या भाबडेपणाने पाहता येत नाही.

कायदा आणि आक्षेप

संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. अनुच्छेद २८ (३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. १८३९ आणि १८४३ ची प्रकरणे वाचून हे कलम वाचले की त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दुसरीकडे अनुच्छेद १५ (५) अल्पसंख्याक संस्थांना प्रवेशातील आरक्षणाच्या बंधनातून वगळतो. सर्वांत वंचिताच्या पदरात काय पडले, या कसोटीवर ख्रिस्ती महाविद्यालयांना सर्वांत अवघड उत्तर द्यावे लागते ते इथे. १९५० च्या आदेशानुसार दलित ख्रिस्ती विद्यार्थ्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, हा त्यातला आणखी एक पेच.

कल्पनेवरचा मूलगामी आक्षेप जातीतून येतो. ज्या समाजात काही जातींवर पिढ्यान्‌पिढ्या सेवा लादली गेली, तिथे सेवेचा गौरव कोणी कोणाला सांगायचा? महार वतनाची वेठ ज्यांच्या आजोबांनी भोगली त्या मुलाला ‘सेवक हो’ हा उपदेश वेगळा ऐकू येतो. दलित ईश्वरविद्येचे, म्हणजे दलितांच्या अनुभवातून केलेल्या ख्रिस्ती धर्मचिंतनाचे, एक आद्य प्रवर्तक अरविंद निर्मळ यांनी हा पेच उलटा सोडवला. दलितांचा देव इतरांकडून हलकी कामे करून घेत नाही, तो स्वतः ती करतो, अशी त्यांची मांडणी होती. या वाचनात पाय धुणारा येशू हा खाली वाकलेला साहेब राहत नाही, तो दलितांपैकीच एक ठरतो. स्त्रीवादी टीकाही याच अंगाने जाते : ऐकून घेणे, सांभाळून घेणे हे काम महाविद्यालयांत बहुतेक वेळा अध्यापिकांच्या गळ्यात पडते आणि बढतीच्या वेळी ते मोजले जात नाही.

दरम्यान मुंबईतल्या ख्रिस्ती महाविद्यालयांत धर्मगुरू आणि भगिनींची संख्या घटली आहे. बरेचसे प्राध्यापक आणि विद्यार्थी इतर धर्मांचे आहेत. २०१८ मध्ये सेंट झेवियर्सला ख्रिस्ती नसलेले पहिले प्राचार्य मिळाले. त्यांचे नाव राजेंद्र शिंदे, आणि विषय वनस्पतिशास्त्र.