टपली, प्लँक आणि मेंदू

दोघं समोरासमोर प्लँकमध्ये. हाताचे तळवे जमिनीवर, पाय ताठ, अंग फळीसारखं सरळ. नियम एकच: समोरच्याच्या पंज्यावर टपली मारायची आणि आपल्या पंज्यावर बसू द्यायची नाही. वेळ तीस सेकंद. आरडाओरडा, हसणं, एखादी हूल, आणि कोचची शिट्टी वाजते तेव्हा दोघंही आडवे. याच दोघांना घड्याळाकडे बघत नुसता प्लँक धरायला सांगा, अर्ध्यातच ‘अजून किती?’ सुरू होईल.

खरं तर टपलीचा प्लँक जास्त कष्टाचा आहे. एक हात उचलला की चार टेकूंचे तीन उरतात. धड उचललेल्या बाजूला कलंडू पाहतं, ते पोटाचे तिरके स्नायू रोखून धरतात. समोरचा कधी हात टाकेल हे माहीत नसल्यामुळे अंगाचा भार सतत या पंज्यावरून त्या पंज्यावर न्यावा लागतो. कष्ट वाढतात, पण लक्ष दुखणाऱ्या पोटावर नसतं, समोरच्याच्या हातावर असतं. माणूस हालचाली कशा शिकतो याच्या अभ्यासक गाब्रिएले वुल्फ यांनी 1990च्या दशकापासून हाच धागा पकडून प्रयोग केले. आपलं अंग कसं हलतंय याऐवजी हालचालीचा बाहेर काय परिणाम होतोय याकडे लक्ष दिलं, तर हालचाल बहुधा अधिक सफाईदार होते, असं त्यांना दिसलं. ‘गुडघा वाकव, खांदा सोड’ असा सूचनांचा मारा करण्यापेक्षा ‘त्या रेषेपलीकडे उडी मार’ म्हणणारा कोच म्हणूनच जास्त काम काढून घेतो.

असे कोच खेळही सतत बदलत राहतात. पण रोज नवा खेळ कशाला? मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचा, म्हणजे बक्षिसाशी जोडलेलं डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचा, अभ्यास केला. सुरुवातीला फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी चेकाळत. आधी दिवा लागतो आणि मग रस मिळतो, हे माकडांना कळल्यावर त्या दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. ठरलेल्या रसाचं त्यांना काही वाटेना. थोडक्यात, या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजत होत्या. माकडाच्या रसावरून थेट आपल्या व्यायामावर उडी मारताना जपूनच मारावी. तरी ज्याचा निकाल आधीच ठाऊक आहे असा व्यायाम लवकर का विटतो, याचा थोडा उलगडा इथे होतो.

क्रम मोडण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो लगेच दिसत नाही. 1979 साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी लोकांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. काहींनी आधी पहिली, मग दुसरी, मग तिसरी अशी घोटली. काहींनी तिन्ही सरमिसळ केल्या. सरावात पहिला गट सरस होता. दहा दिवसांनी मात्र सरमिसळ करणाऱ्यांच्या हालचाली अधिक पक्क्या निघाल्या. दरवेळी ‘आता काय करायचं’ हे नव्यानं जुळवावं लागणं, हाच बहुधा त्यांचा खरा सराव होता.

जोड्या लावण्यातही डोकं लागतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ ओटो क्यॉलर यांनी 1920च्या दशकात नावाड्यांवर प्रयोग केले, तेव्हा जोडीनं वजन उचलताना दोघांतला कमकुवत गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. अंतर फार असेल, किंवा अजिबातच नसेल, तर हा परिणाम ओसरतो.

इथवर वाचून ‘स्नायूंना गोंधळात टाका’, म्हणजे व्यायाम सारखा बदलत राहा, ही जिममधली लाडकी घोषणा आठवली असेल. ती मला पटत नाही. स्नायू काही कंटाळत नाहीत. त्यांना कळतो तो ताण. तो हळूहळू वाढत गेला की ते बळावतात. शिवाय नव्या व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. स्नायू जाड होण्याचा वाटा नंतर वाढतो. रोज सगळंच बदललं तर माणूस या शिकाऊ टप्प्यातच घुटमळतो. कसलेला कोच वरवर खेळ बदलत राहतो, आणि आत बैठक, ढकलणं, ओढणं, उचलणं या मोजक्या हालचाली तशाच ठेवतो. आज चेंडू झेलत बैठका, परवा फासे टाकून पडेल त्या आकड्याइतक्या. त्याच्या वहीत मात्र भार आणि एकूण आवर्तनं चढत्या क्रमानं लिहिलेली असतात.

वहीत आणखी एक आकडा असतो. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी बनवलेल्या मोजपट्टीवर, आपल्याला किती कष्ट पडले ते माणूस स्वतः 6 ते 20 मध्ये सांगतो. निरोगी तरुण माणसात त्याला दहानं गुणलं की हृदयाच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. खेळाच्या नादात थकवा लपतो, म्हणून हा आकडा शिट्टीनंतर लगेच नाही, श्वास जरा बसल्यावर विचारलेला बरा. उड्यांचे खेळही तासाच्या सुरुवातीलाच घ्यावेत. पाय दमले की उतरताना गुडघे आत वळू लागतात, आणि जिंकायच्या ईर्ष्येत ते खेळणाऱ्याला जाणवतही नाही.