टॅटिंगची गाठ: उजव्या हाताची लकब आणि डाव्या हाताचे काम

टॅटिंग म्हणजे शटलवर, म्हणजे हातात मावणाऱ्या छोट्या फिरकीवर, गुंडाळलेल्या धाग्याने गाठी घालत लेस विणणे. शटलने टॅटिंग शिकणाऱ्यांमध्ये एक प्रश्न वारंवार निघतो. शटल बोटांतून न सोडता धाग्यावरून सरकवत नेण्याची पद्धत चांगली, की प्रत्येक फेरीला शटल सोडून पलीकडून पुन्हा धरण्याची जुनी पद्धत चांगली? प्रश्न रास्त आहे. वैताग येतो तो त्याला मिळणाऱ्या उत्तरांचा. ‘सरकवण्याच्या पद्धतीत गाठ उलटत नाही’ असे कोणी ठामपणे सांगते, तर ‘जुन्या पद्धतीत गाठ आपोआप उलटते’ असे दुसरे कोणी सांगते. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. उजवा हात शटल कसे फिरवतो ही एक गोष्ट आहे आणि गाठ एका धाग्यावरून दुसऱ्या धाग्यावर उलटते ही अगदी वेगळी गोष्ट आहे. या दोहोंची गल्लत झाली की शिकणारी व्यक्ती उजव्या हाताची पद्धत बदलत राहते, नवे शटल विकत घेते, आणि तरीही तिची रिंग, म्हणजे धागा ओढून आवळायचा टाक्यांचा गोल, बंद होत नाही.

रिंग आणि चेन (ओढून बंद न करायची टाक्यांची कमान) यांसाठी डाव्या हातावर धागा वेगवेगळ्या प्रकारे घेतला जातो, हे ज्यांनी रुमालाची एखादी कड जरी विणली असेल त्यांना माहीत असते. रिंगसाठी शटलचाच धागा बोटांभोवती पूर्ण फिरवून पुन्हा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत आणायचा. चेनसाठी गुंडीचा, म्हणजे धाग्याच्या गोळ्यातून येणारा, धागा बोटांवरून नेऊन करंगळीला दोन वेढे द्यायचे आणि तो मोकळा सोडायचा. यापेक्षा जास्त त्यात समजून घेण्यासारखे काही नाही आणि गोंधळही सहसा इथे होत नाही.

आता उजव्या हाताच्या दोन पद्धती पाहू. टॅटिंगचा एक टाका दोन अर्ध्या टाक्यांचा, म्हणजे दोन वेढ्यांचा, असतो. जुन्या पद्धतीत टाक्याच्या पहिल्या अर्ध्यासाठी शटलचा धागा उजव्या हाताच्या मागच्या बाजूवरून घेतात, शटल डाव्या हातावर ताणलेल्या धाग्याखालून पलीकडे सारतात, तिथे ते सोडून पुन्हा धरतात आणि आपल्याच धाग्याच्या फासातून बाहेर ओढतात. सरकवण्याच्या पद्धतीत मार्ग तोच असतो, पण शटल हातातून सुटत नाही. जाताना डाव्या हातावरचा धागा तर्जनी आणि शटल यांच्यामधून सरकतो आणि परतताना तो अंगठा आणि शटल यांच्यामधून सरकतो. दुसऱ्या अर्ध्यासाठी हाच क्रम उलट होतो, म्हणजे शटल आधी धाग्यावरून जाते आणि मग खालून परत येते. दोन्ही पद्धतींत दोन धाग्यांचा एकमेकांभोवती पडणारा वेढा तंतोतंत सारखाच असतो. पूर्ण झालेली लेस हातात घेऊन ती कोणत्या पद्धतीने विणली हे कोणालाही सांगता येणार नाही.

माझी पसंती निःसंशय सरकवण्याच्या पद्धतीला आहे. तिच्यात हाताची हालचाल लहान राहते, शटलच्या धाग्याची मोकळी लांबी टाक्यागणिक बदलत नाही आणि त्यामुळे ताणही एकसारखा राहतो. ज्यांना ती जमत नाही त्यांची अडचण बहुधा शटल भरण्यात असते. धागा शटलच्या कडांबाहेर डोकावेपर्यंत गुंडाळला तर हातावरचा धागा त्यात अडकणारच, म्हणून भरणे कडेच्या थोडे आतच थांबवावे. टोकाला हुक असलेल्या शटलनेही ही पद्धत अवघड जाते, कारण हुक दर फेरीला धागा पकडू पाहते. अशा शटलवर जुन्या पद्धतीने काम केले तर त्यात काहीही कमीपणा नाही.

खरा फरक याच्या पुढे सुरू होतो. शटल फिरवून ते परत उजवीकडे आले की धाग्याचा एक वेढा तयार होतो. या क्षणी तो वेढा शटलच्या धाग्याने हातावरच्या धाग्याभोवती घातलेला असतो, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या नेमके उलट. टॅटिंगमध्ये गाठ हातावरच्या धाग्याची असावी लागते आणि शटलचा धागा तिच्या आतून सरळ, मोकळा गेलेला असावा लागतो. परकराच्या नेफ्यातून जशी नाडी ओढली जाते, तसा शटलचा धागा ओढल्यावर रिंग आवळली जाते. गाठ शटलच्या धाग्याचीच राहिली तर ती त्या जागी घट्ट बसते आणि ओढायला काही उरतच नाही.

मग वेढा एका धाग्यावरून दुसऱ्यावर जातो कसा? एकमेकांत अडकलेल्या दोन धाग्यांपैकी जो ताठ असतो तो सरळ होतो आणि जो सैल असतो तो त्याच्याभोवती वळतो. शटल फिरवताना हातावरचा धागा ताठ असतो, म्हणून वेढा शटलच्या धाग्याचा पडतो. आता डाव्या हाताची चिमटीबाहेरची तीन बोटे खाली सोडून हातावरचा धागा पूर्ण सैल केला आणि त्यानंतर शटलचा धागा उजवीकडे सरळ ताणला, तर भूमिकांची अदलाबदल होते. शटलचा धागा सरळ होतो आणि हातावरचा धागा त्याच्याभोवती वळतो. हेच गाठीचे उलटणे. ते झाल्यावर शटलचा धागा ताठच ठेवायचा आणि डाव्या हाताचे मधले बोट हळूहळू उचलत तो वेढा चिमटीपर्यंत सरकवत न्यायचा. या साऱ्या वर्णनात शटल कोणत्या मार्गाने गेले, ते सोडले की सरकवले, याचा कुठेही संबंध येत नाही. उलटवण्याचे काम डाव्या हाताच्या सैल सोडण्याने होते.

म्हणूनच ‘शटलला झटका द्या म्हणजे गाठ उलटेल’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. डावा हात ताठ असताना दिलेला झटका चुकीची गाठच अधिक घट्ट करतो. डावा हात खरोखर सैल असेल तर झटक्याची गरजच नसते, शटलचा धागा शांतपणे ताणला तरी गाठ डोळ्यांदेखत उलटते. झटका देणाऱ्यांची गाठ कधी उलटते आणि कधी उलटत नाही, कारण झटका देताना डावा हात कधी नकळत सैलावतो आणि कधी सैलावत नाही. यश मिळाले की श्रेय झटक्याला जाते आणि अपयश आले की दोष धाग्याला किंवा शटलला. सैल सोडणे आणि ताणणे या दोन कृती एकाच वेळी करू पाहणे ही दुसरी तितकीच सामान्य चूक आहे. सुरुवातीला तरी हातावरचा धागा आधी सोडावा, क्षणभर थांबावे आणि मगच शटलचा धागा ताणावा.

हे चित्रांतून शिकणे फार कठीण का जाते, तेही यावरून लक्षात येते. तेरेझ द दिल्मोंच्या १८८६ सालच्या भरतकाम-विणकामाच्या विश्वकोशात टॅटिंगचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात हातांच्या स्थितींची सुबक चित्रे आहेत. मात्र चित्रात बोटांची जागा दाखवता येते, धाग्याचा ताण दाखवता येत नाही. आजच्या व्हिडिओंची अडचणही तीच आहे. सरावलेल्या हाताची बोटे इतकी किंचित सैलावतात की पाहणाऱ्याची नजर फिरणाऱ्या शटलवरच खिळून राहते.

शिकण्यासाठी माझा आग्रह दोन रंगांचा आहे. शटलवर लाल धागा भरावा, हातावर पांढऱ्या गुंडीचा धागा घ्यावा, दोन्ही टोके एकत्र चिमटीत धरावीत आणि चेन विणायला सुरुवात करावी. गाठ उलटली असेल तर वेढा पांढरा दिसेल आणि त्याच्या आतून लाल धागा गेलेला असेल. वेढा लाल दिसला तर गाठ उलटलेली नाही, त्यात शंकेला जागाच नाही. एकाच रंगाच्या धाग्यावर या दोन स्थिती नवशिक्या डोळ्याला जवळपास सारख्या दिसतात आणि सारा घोळ तिथेच होतो. जमलेल्या दुरंगी चेनमध्ये सगळे टाके आणि सगळे पिको (टाक्यांमध्ये सोडलेले धाग्याचे छोटे फास) गुंडीच्या रंगाचे असतात. सरावाला २० नंबरचा क्रोशाचा धागा घ्यावा, ४० नंबरचा त्याहून बारीक असल्यामुळे त्यावर वेढा नीट दिसत नाही.

एकरंगी कामात प्रत्येक अर्ध्या टाक्यानंतर शटलचा धागा थोडा पुढे-मागे ओढून पाहावा. तो गाठीतून सरकला तरच पुढचा अर्धा टाका घालावा. हा कंटाळवाणा नियम मी फार महत्त्वाचा मानते, कारण वीस टाक्यांच्या रिंगमध्ये एकच अर्धा टाका उलटायचा राहिला तरी संपूर्ण रिंग अडते. चेनमध्ये ही चूक लपून राहते. चेन ओढून बंद करायची नसते, त्यामुळे न उलटलेल्या गाठींवरही ती पुढे जात राहते, फक्त टाके एकमेकांना भिडवता येत नाहीत आणि तिला अपेक्षित गोलाई येत नाही. म्हणून ‘मला चेन येते, रिंग येत नाही’ असे कोणी म्हटले की आधी त्या व्यक्तीची चेन तपासावी. बहुतेक वेळा चेनही आलेली नसते.

सुईच्या टॅटिंगवरून शटलकडे वळणाऱ्यांना हा सारा प्रकार अनाकलनीय वाटतो आणि ते स्वाभाविक आहे. सुईवर हातातल्या धाग्याचे वेढे थेट चढवले जातात. सुई मुळातच सरळ आणि कडक असल्यामुळे तिच्याभोवती धागाच वळतो आणि उलटवण्याचा टप्पा येतच नाही. मग सुई ओढून काढली की तिच्या नेढ्यातला धागा टाक्यांच्या आतून जातो. तयार गाठीची रचना शटलच्या गाठीसारखीच असते, फक्त सुईच्या जाडीमुळे टाके किंचित सैल पडतात. दोन्हींची नुसती तुलना करत बसण्यात मला रस नाही, पण सुईवरची सवय घेऊन शटल धरले तर गाठ उलटवावी लागते हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

न उलटलेली गाठ ही नेहमीच चूक असते असेही नाही. दोन शटलांनी विणायच्या स्प्लिट रिंगमध्ये ती मुद्दाम वापरतात. तिथे रिंगची एक बाजू पहिल्या शटलने नेहमीप्रमाणे उलटवलेल्या टाक्यांची विणतात आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या शटलचा धागा हातावरच्या धाग्याभोवती गाठी घालतो. त्या गाठी उलटवायच्या नसतात. त्या घालताना हातावरचा धागा शेवटपर्यंत ताठ ठेवायचा, कारण इथे आतून मोकळा सरकायचा आहे तो हातावरचाच धागा. दोन शटलांवर दोन रंग असतील तर रिंग अर्धी एका रंगाची आणि अर्धी दुसऱ्या रंगाची होते. ज्याला गाठ उलटण्याचे कारण समजले आहे त्याला स्प्लिट रिंग पहिल्या दिवशी येते. ज्याने उलटवणे हाताच्या सवयीने मिळवले आहे, त्याचा हात दुसऱ्या बाजूलाही आपसूक सैल पडतो आणि रिंग अडते.

जोडकामातही हेच तत्त्व लागू होते. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात रिंगा सुट्या विणून नंतर सुईदोऱ्याने एकमेकींना जोडत असत. विणता विणता पिकोतून जोडण्याची रीत रूढ होण्यात १८५०च्या दशकात इंग्लंडमध्ये नमुने प्रसिद्ध करणाऱ्या एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांचा वाटा मोठा आहे. रिंगमध्ये असा जोड घालताना पिकोतून हातावरच्या धाग्याचा फास वर ओढायचा, त्यातून शटल न्यायचे आणि डाव्या हाताची बोटे उचलून फास खाली बसवायचा. हा फास मुळातच हातावरच्या धाग्याचा असल्यामुळे तो उलटवायचा नसतो. टाक्यासारखाच शटलचा धागा जोरात ओढला तर फास वर चढतो आणि जोड सैल दिसतो. याउलट पिकोतून शटलच्याच धाग्याचा फास काढून जोड घातला तर आतला धागा तिथे कायमचा बांधला जातो. चेनच्या शेवटी असा घट्ट जोड हवाच असतो. तो रिंगच्या मध्यावर घातला, तर त्याआधीचे सगळे टाके कितीही नीट उलटलेले असोत, ती रिंग शटलच्या धाग्याने ओढून बंद करता येत नाही.