पत्तूर नटराज खटला

चोरून परदेशी नेलेल्या मूर्तीचा मालक कोण, यावर १९८०च्या दशकात लंडनच्या न्यायालयात उभा राहिलेला दावा. तमिळनाडूत तंजावर भागातल्या पत्तूर गावी पडझड झालेल्या शिवमंदिराजवळ १९७६ मध्ये एका मजुराला खोदताना पुरलेल्या मूर्ती सापडल्या. त्यांत बाराव्या शतकातला चोळ घडणीचा ब्राँझचा नटराज होता. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडल्यास सरकारला कळवावे लागते; इथे परस्पर विक्री झाली. हातोहात फिरत मूर्ती लंडनला पोचली आणि १९८२ मध्ये बंपर डेव्हलपमेंट या कॅनेडियन कंपनीने ती अडीच लाख पौंडांना घेतली. सोबतची कूळकथा, म्हणजे मूर्ती कुठून कशी आली याची हकिकत, बनावट होती. डागडुजीसाठी ब्रिटिश म्युझियममध्ये दिलेली असताना पोलिसांनी ती ताब्यात घेतली, तेव्हा कंपनीने पोलिसांवरच दावा लावला.

सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या १९७०च्या करारात भारत १९७७ मध्ये आला, ब्रिटन २००२ मध्ये. त्यामुळे ‘हा आमचा वारसा’ एवढे म्हणून भागणार नव्हते. इंग्रजी कायद्याला मान्य होईल असा मालक दाखवणे भाग होते. भारत सरकार, तमिळनाडू सरकार आणि मंदिर यांच्या जोडीला मग त्या मंदिरातले शिवलिंगही दावेदार म्हणून उभे राहिले. आपल्याकडे यात नवल नाही. देवस्थान इनामाच्या सातबाऱ्यावर देवाचेच नाव असते, आणि ब्रिटिश काळात भारतातल्या खटल्यांचे शेवटचे अपील ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही १९२५ मध्ये मूर्तीला कायदेशीर व्यक्ती मानले होते. लंडनमध्ये मात्र त्यावर बराच खल झाला.

जप्त झालेला नटराज पत्तूरचाच, हे ठरवायला मूर्तीला चिकटलेली माती आणि वाळवीच्या वाटांच्या खुणासुद्धा तपासल्या गेल्या. १९८८ मध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला: मंदिराचे आता दगडच काय ते उरले असले, तरी भारतात ते कायदेशीर व्यक्ती आहे, म्हणून इंग्लंडमध्येही दावा लावू शकते. शिवलिंगाच्या हक्काचा मुद्दा, खटल्यातला खरे तर सर्वांत रसाळ, न्यायालयाने बाजूलाच ठेवला.

नटराज त्याच वर्षी भारतात परतला. अशा परतलेल्या मूर्तींनी देवळात जावे की सुरक्षित जागी राहावे, हा वाद पुढे तमिळनाडूतच सुरू झाला. तिथे अनेक मूर्ती सरकारी मूर्तिकेंद्रांत कुलपाआड असतात.