पट्टी पोचली, पत्र फुटलं

आंबिया बहाराचे दिवस होते. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे लिलाव उरकले, की अडत दुकानांत पट्ट्या करायची घाई सुरू होते: माल किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हाती किती. ओळखीच्या एका दुकानासाठी मी छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. हिशोब झाला की पट्टीची पीडीएफ तयार व्हायची आणि दोन ओळींच्या मराठी पत्रासोबत ईमेलनं शेतकऱ्याकडे, नाहीतर पुण्यात नोकरीला असलेल्या त्याच्या मुलाकडे जायची. पहिल्याच संध्याकाळी काटोलहून फोन आला. "भाऊ, पट्टी तर बरोबर उघडून राहिली, पण वर हे काय लिहिलं? एक अक्षर वाचता नाही येत."

पडद्याचा फोटो पाहिला. प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याला चिकटून एक अनोळखी चलनचिन्ह आणि पुढे आणखी काहीबाही. इतकी गुंतागुंतीची पीडीएफ शाबूत पोचली आणि साधं 'रामराम' वाटेत फुटलं, हे कसं?

ईमेलच्या वाहतुकीचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. त्या नियमांत पत्र म्हणजे ७ बिटांच्या, म्हणजे सात शून्य-एकांनी लिहिलेल्या, चिन्हांच्या ओळी. अशी चिन्हं १२८: रोमन अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि काही अदृश्य संकेत. त्यांत देवनागरीला जागा नव्हती, फोटोला नव्हती, फायलीलाही नव्हती. पुढे जगभरचे सर्व्हर एका दिवसात बदलणं शक्य नव्हतं. म्हणून नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये 'माइम' नावाची पद्धत मांडली. रस्ता जुनाच ठेवायचा, फक्त जे काही पाठवायचं ते रोमन अक्षरांत लिहून काढायचं. आपण ज्याला जोडपत्र म्हणतो ते पत्राला बाहेरून जोडलेलं नसतंच; ते पत्राच्या मजकुरातच, अक्षर होऊन, लिहिलेलं असतं.

हे लिहिण्याच्या रीतीला बेस-६४ म्हणतात. फाइलचे ३ बाइट, म्हणजे २४ बिट घ्यायचे, त्यांचे ६-६ बिटांचे ४ तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला ६४ ठरावीक चिन्हांपैकी एक द्यायचं. मोठी रोमन अक्षरं २६, लहान २६, अंक १०, शिवाय अधिकचं चिन्ह आणि तिरकी रेघ.

आपल्या लिपीला हे माप अगदी बेतल्यासारखं बसतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगातल्या लिप्या बाइटांत लिहायच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं, म्हणजे बेस-६४ मध्ये बरोबर ४ चिन्हं. 'नागपूर' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो. संगणक काना आणि ऊकार वेगळे मोजतो, म्हणून त्याच्या लेखी चिन्हं ६ आणि बेस-६४ मध्ये २४. 'न'चं रूप होतं: चाराचा अंक, मोठा के, मोठा एस, लहान ओ. 'ग'चं: चार, के, एस, मोठा एक्स. 'र'चं: चार, के, एस, लहान डब्ल्यू. पहिली तीन चिन्हं तीच! फक्त ऊकाराशी एसच्या जागी डब्ल्यू येतो. मधे मोकळी जागा आली की तिच्या एका बाइटानं ही घडी सरकते. पण मराठी पत्राचं मूळ रूप उघडून बघा, सुरुवातीलाच ही चार-के-एसची रांग बहुतेक दिसेल. मला ती पहिल्यांदा ओळखू आली तेव्हा फार आनंद झाला होता.

माझी चूक आता सांगता येईल. पीडीएफ मी बेस-६४ करून घातली होती. पत्राचा मजकूर मात्र ओळीला ओळ जोडून हातानं रचला आणि यूटीएफ-८ चे बाइट तसेच सोडले. आजचे बहुतेक सर्व्हर ८ बिटांची पत्रंही नेतात, त्यामुळे बाइट पोचले. पण ते कोणत्या पद्धतीनं वाचायचे हे शीर्षात, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीच्या ओळींत, लिहायचं राहिलं, आणि समोरच्या प्रोग्रॅमनं ती पश्चिम युरोपातली अक्षरं समजली. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली ईमेलची तयार लायब्ररी वापरली असती तर ती ओळ आपोआप लिहिली गेली असती. पत्र हातानं रचू नये, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत.

एका पत्रात मजकूर, पट्टी, कधी दुकानाचं चिन्ह असे भाग एकामागून एक असतात. मधे एक खूणओळ येते: आधी दोन आडव्या रेघा, मग शीर्षात जाहीर केलेला शब्द. पत्र संपल्याची खूण म्हणजे एका ओळीत एकटा पूर्णविरामाचा ठिपका. मग पीडीएफच्या आतच तशी ओळ आली तर? येऊच शकत नाही, कारण त्या ६४ चिन्हांत आडवी रेघही नाही आणि ठिपकाही नाही. ती मुद्दामच वगळली आहेत. या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच.

किंमत मोजावी लागते ती आकारात. ३ चे ४ होतात, वर दर ७६ चिन्हांनंतर ओळ तोडायची, त्यामुळे ३०० केबीची पट्टी साधारण ४१० केबीची होऊन निघते. २५ एमबीची मर्यादा असेल तर १८ एमबीच्या पुढची फाइल अडते, ती यामुळेच.

सजवलेलं पत्र, म्हणजे ठळक अक्षरं आणि तक्ता असलेलं, एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिच्यात, लिहितात. त्याच्या आधी तोच मजकूर साध्या रूपात ठेवायचा असतो. वाचणारा प्रोग्रॅम आपल्याला दाखवता येईल ते शेवटचं रूप निवडतो. मी दुरुस्ती केली तेव्हा साध्या भागात पट्टीतली निव्वळ रक्कम आणि मालाचं वजनही घातलं. नरखेडकडच्या एका शेतकऱ्याच्या फोनवर रेंज इतकी कमी, की पीडीएफ रात्रभर उतरली नाही. पण पत्राच्या पहिल्या ओळीतला आकडा त्यांनी मळ्यातच वाचला, आणि दुसऱ्या दिवशीच्या तोडणीला माणसं किती लावायची ते तिथंच ठरवलं.