पेशी गेल्या कुठे?

भाताची लावणी सुरू झाली की रत्नागिरी-सिंधुदुर्गात तापाचे पेशंट वाढतात आणि दवाखान्याच्या बाकावर ‘पेशी उतरल्या’ हे रोज ऐकू येतं. पेशी म्हणजे इथे प्लेटलेट, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या. बहुतेक वेळा कारण डेंग्यू किंवा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला जिवाणूंचा ताप). फार क्वचित त्यामागे थ्रॉम्बोटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक परप्युरा, म्हणजे टीटीपी निघतो. त्यात पेशी बारीक रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्यांमध्ये अडकून संपतात.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. एली मोशकोविट्झ यांनी सोळा वर्षांच्या एका मुलीचा आजार मांडला. ताप, फिकटपणा, मग एका बाजूची शक्ती गेली, बेशुद्धी आणि मृत्यू. शवविच्छेदनात सूक्ष्म वाहिन्या गुठळ्यांनी भरलेल्या दिसल्या. त्याच वर्षी फिनलंडच्या ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी डॉ. एरिक फॉन विलब्रांड यांच्याकडे आली. तिचं रक्त थांबत नव्हतं. या दोन मुलींच्या आजारांचा धागा एकच प्रथिन निघेल, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

पुढे त्या प्रथिनाला विलब्रांड यांचं नाव मिळालं. ते लांब, चिकट दोरीसारखं असतं आणि जखमेवर पेशींना धरून ठेवतं. ऑलंडच्या मुलीत ते कमी पडलं होतं. टीटीपीत उलट, ते अतिलांब राहतं, हे १९८२ मध्ये जोएल मोक यांनी दाखवलं. ही दोरी कापणारं एन्झाइम १९९६ मध्ये सापडलं आणि २००१ मध्ये त्याची ओळख पटली: ॲडॅमटीएस१३. बहुतेक मोठ्या माणसांत शरीराचीच प्रतिपिंडं ते निकामी करतात. मग न कापलेल्या दोऱ्यांना पेशी चिकटतात, जाळ्याला मासळी लागावी तशा, आणि त्यातून वाट काढताना तांबड्या पेशी फाटतात.

मेंदूत हे फार फसवं असतं. गुठळ्या होतात, विरतात, दुसरीकडे होतात. सकाळी माणूस बरळतो, दुपारी नीट बोलतो, रात्री झटका येतो. सीटी स्कॅन अनेकदा स्वच्छ असतो. मग घरचे ‘बाहेरचं काहीतरी’ म्हणून कौल लावायला जातात. त्यांना दोष देववत नाही. लक्षणंच तशी येतात-जातात. पण या आजारात गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

कारण उपचार आहे. पूर्वी दहातले नऊ दगावत. रुग्णाचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, काढून दात्याचा भरायचा, या पद्धतीची कॅनडातली चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत प्लाझ्मा बदललेल्या ५१ जणांपैकी ११ दगावले, नुसता प्लाझ्मा चढवलेल्या ५१ पैकी १९. आता ती प्रतिपिंडं आवरणाऱ्या स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब या औषधांची जोडही मिळते.

कोकणापुरता मला एकच फरक महत्त्वाचा वाटतो. तीव्र डेंग्यूत पाणी वाहिन्यांबाहेर झिरपून रक्त घट्ट होतं. टीटीपीत हिमोग्लोबिन घसरतं आणि काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात तुटक्या तांबड्या पेशी दिसतात. त्याला साधा मायक्रोस्कोप आणि पाहणारा डोळा पुरतो. संशय आला तर जीवघेणा रक्तस्राव नसताना पेशींची पिशवी लावत नाहीत, आणि प्लाझ्मा बदलायची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत साधा प्लाझ्मा चढवता येतो.