जाहिरात की जनसंपर्क? सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनी पदवी निवडण्याआधी

बेळगावात एका छोट्या जाहिरात एजन्सीत मी कामाला होते तेव्हाची गोष्ट. एक पतसंस्था आमची नेहमीची जाहिरातदार. एका शनिवारी रात्री कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून दिलं की संस्था बुडतेय. सोमवारी शटर वर जायच्या आत पासबुकं हातात घेतलेली माणसं दारात उभी. चेअरमनांचा फोन आला, "ताई, उद्याच्या अंकात पानभर जाहिरात टाका. संस्था भक्कम आहे म्हणून मोठ्या अक्षरांत छापा."

छापली. मंगळवारी रांग आणखी वाढली. ज्यांच्या कानावर अफवा गेलीही नव्हती त्यांनी जाहिरात वाचली आणि त्यांना वाटलं, संस्थेला आपणहून सांगावं लागतंय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय. तो मजकूर मी लिहिला होता. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

बुधवारी एका जुन्या संचालकांनी सूत्रं हाती घेतली. चेअरमन शाखेच्या पायरीवर खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याच्याशी स्वतः बोलले. मागेल त्याला पैसे दिले, उद्या या म्हणून कुणाला परत पाठवलं नाही. लेखापरीक्षणाचा अहवाल भिंतीवर लावला. मराठी आणि कन्नड, दोन्ही पत्रकारांना बोलावून ठेवी, कर्जं आणि शिल्लक यांचे आकडे पुढ्यात ठेवले. पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणाऱ्या एजंटांना तासभर बसवून सगळं समजावलं, कारण रोज संध्याकाळी दुकानादुकानात तेच जातात आणि लोक पहिला प्रश्न त्यांनाच विचारतात. शुक्रवारी रांग उरली नाही.

त्या तीन दिवसांत झालं ते जनसंपर्काचं काम. सोमवारी मी केलं ते जाहिरातीचं. त्यानंतर वर्षभरात मी जाहिरात सोडून जनसंपर्काकडे, म्हणजे पीआरकडे, वळले. आज बारावीचे निकाल लागले की ओळखीपाळखीतले आईबाप विचारतात, "मुलगी पीआर करायचं म्हणते, म्हणजे जाहिरातीतलंच ना?" त्यांच्यासाठी आणि त्यांच्या मुलांसाठी हे लिहितेय.

जाहिरातीत आपण जागा विकत घेतो. वर्तमानपत्रातले चौरस सेंटिमीटर असोत, टीव्हीवरचे सेकंद असोत, बेळगावातल्या आरपीडी क्रॉसजवळचं होर्डिंग असो किंवा इन्स्टाग्रामवरची पोस्ट, पैसे मोजले की त्या जागेत काय जाणार, किती मोठं आणि कुठल्या दिवशी, हे आपण ठरवतो. वाचणाऱ्यालाही माहीत असतं की हे पैसे देऊन छापलंय. जनसंपर्कात जागा विकत मिळत नाही. पत्रकाराला, ग्राहकाला, कामगाराला, गावच्या पंचायतीला आपलं म्हणणं पटलं तर ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. नाही पटलं तर नाही सांगत, किंवा उलटंही सांगतात. त्याच्यावर आपला ताबा नाही. म्हणूनच ते छापून आलं की त्याचं वजन जास्त असतं.

एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी लिहून पाहू. समजा, एक रुग्णालय खानापुरात मोफत नेत्रतपासणी शिबिर घेतंय. जाहिरात अशी होईल: "मोफत नेत्रतपासणी! येत्या रविवारी, सकाळी 9 ते दुपारी 2. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही मोफत. येताना आधार कार्ड आणा." खाली रुग्णालयाचं बोधचिन्ह, फोन नंबर, नकाशा. काम फत्ते.

वर्तमानपत्रांना पाठवायच्या प्रेसनोटची सुरुवात वेगळी होते: "खानापूर : तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील गावांमधील ज्येष्ठांना डोळे तपासण्यासाठी बेळगावपर्यंत यावे लागते. एसटी चुकली तर दिवस वाया जातो. ही गैरसोय लक्षात घेऊन येत्या रविवारी..." इथे बातमी शिबिराची नाही, गैरसोयीची आहे. उपसंपादकाला वाचकांसाठी काहीतरी सापडलं पाहिजे, नाहीतर तो कागद बाजूला पडतो. जागा कमी पडली की तो शेवटून कापत येतो, म्हणून तारीख, वेळ, ठिकाण पहिल्या दोन परिच्छेदांतच हवं. चेअरमन, व्हाइस चेअरमन, प्रमुख पाहुणे यांच्या नावांची माळ सगळ्यात खाली. नवीन मुलं हीच माळ वर लिहितात, कारण साहेबांना ती वर हवी असते. साहेबांना समजावणं हाही जनसंपर्काच्या नोकरीचा भाग आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यात अवघड भाग आहे.

हिशोबही वेगळा. जाहिरात एजन्सीचं उत्पन्न पूर्वापार माध्यमांकडून मिळणाऱ्या 15 टक्के कमिशनवर चालत आलंय, आता बरीच कामं ठरलेल्या फीवरही होतात. जनसंपर्क एजन्सी महिन्याची फी घेते, ज्याला रिटेनर म्हणतात. बातमी आली तरी तेवढीच, नाही आली तरी तेवढीच. मग ग्राहक विचारतो, "ही बातमी जाहिरात म्हणून छापली असती तर किती रुपये लागले असते?" कात्रण मोजून असा आकडा काढायची सवय या धंद्याला अनेक वर्षं होती. 2010 मध्ये बार्सिलोना इथे जनसंपर्काच्या मोजमापाची जी तत्त्वं ठरली त्यांत स्पष्ट म्हटलंय की जाहिरातीच्या दराने काढलेली किंमत ही जनसंपर्काची किंमत नव्हे. तरी आजही तो आकडा मागितला जातो. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात तुम्हालाही मागतील.

दोन्हींची सांगड कशी बसते हे कॅडबरीच्या प्रकरणात छान दिसतं. ऑक्टोबर 2003 मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईत डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. कंपनीने जाहिराती काही काळ थांबवल्या. दुकानदारांकडे चॉकलेट कसं साठवलं जातं हे तपासून त्यांना समजावणारी 'विश्वास' नावाची मोहीम काढली, पत्रकारांना उत्तरं दिली, वेष्टन बदललं. हे सगळं झाल्यावर, 2004 मध्ये, अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिरात आली. आधी घर दुरुस्त केलं, मग रंग दिला. आमच्या पतसंस्थेत आम्ही सोमवारी नेमकं उलटं केलं होतं.

आता नोकऱ्यांकडे. इथे नावांचाच फार घोटाळा आहे. दोन्हीकडे सुरुवातीच्या पदाला 'अकाउंट एक्झिक्युटिव्ह' म्हणतात. अकाउंट म्हणजे इथे ग्राहक कंपनी, जमाखर्चाशी संबंध नाही. एका मुलीच्या वडिलांनी ऑफर लेटर वाचून तिला टॅलीचा क्लास लावायला घेतला होता. दुसरा घोटाळा 'पीआरओ'चा, म्हणजे जनसंपर्क अधिकाऱ्याचा. आपल्याकडे रुग्णालयात काउंटरवर नातेवाइकांना वॉर्ड दाखवणाऱ्या, विम्याचे कागद पुढे सरकवणाऱ्या माणसालाही पीआरओ म्हणतात. काम मानाचं आहे, पण पदवीत जे शिकवतात ते हे नव्हे. नोकरीची जाहिरात वाचताना पदाच्या नावावर जाऊ नका, खाली कामं काय लिहिली आहेत ते वाचा.

जाहिरातीत कॉपीरायटर (मजकूर लिहिणारा), आर्ट डायरेक्टर (चित्र-मांडणी ठरवणारा), क्लायंट सर्व्हिसिंग (ग्राहक सांभाळणं), मीडिया प्लॅनिंग (जाहिरात कुठे, कधी द्यायची ते ठरवणं) आणि आता डिजिटल मोहिमा, असे रस्ते आहेत. कॉपी आणि आर्टसाठी पदवीपेक्षा तुमचं केलेलं काम बघतात. चित्रकलेकडे ओढा असेल तर जनसंपर्काच्या पदवीपेक्षा मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेसारखा रस्ता बरा.

जनसंपर्कात एजन्सी हा एक रस्ता झाला, आणि त्या बहुतेक बेंगळुरू, मुंबई, पुण्यात. दुसरा रस्ता म्हणजे कंपनीच्या, विद्यापीठाच्या, रुग्णालयाच्या, कारखान्याच्या आत बसून काम करणं. आपल्या जिल्ह्यात हा दुसरा रस्ता मला जास्त खरा वाटतो. साखर कारखाने आहेत, उद्यमबागेतले फौंड्रीवाले आहेत, हत्तरगीला विमानांचे भाग बनतात, केएलईसारखी 1916 पासूनची शिक्षणसंस्था आहे, 1998 पासून विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथे आहे. ऊसदराचं आंदोलन पेटलं की कारखान्याच्या फाटकावर शेतकऱ्यांशी, पत्रकारांशी आणि प्रशासनाशी एकाच दिवशी बोलणारा माणूस लागतो. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेला पूर आला तेव्हा कुठला पूल बंद, कुठं निवारा केंद्र, हे लोकांना कळेल अशा भाषेत पोचवणं हेही जनसंपर्काचंच काम होतं. अशा वेळी होर्डिंगचा काय उपयोग?

सरकारी नोकरीचाही मार्ग आहे. कर्नाटकात वार्ता व सार्वजनिक संपर्क खातं, महाराष्ट्रात माहिती व जनसंपर्क महासंचालनालय. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषकांना तिथल्या सरकारी भरतीत रहिवासाच्या अटीत सवलत आहे. आपलं गाव यादीत आहे का, दाखला कुणाचा लागतो, हे आधीच पाहून ठेवा. या पदांना पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात, म्हणून केवळ 'जाहिरात' असं नाव असलेला अभ्यासक्रम करून तिकडे जाता येईलच असं धरू नका.

आणि आता भाषा, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपल्याकडचं पोर घरी मराठी बोलतं, बाजारात कन्नड, बसमध्ये हिंदी आणि कॉलेजात इंग्रजी. हे आपण हिशोबातच धरत नाही. जाहिरातीत भाषांतर करून काम भागतं, फलकावर 60 टक्के कन्नड हवं हा कर्नाटकाचा 2024 चा नियम पाळला की झालं. प्रेसनोट मात्र प्रत्येक भाषेत नव्याने लिहावी लागते. 'तरुण भारत' किंवा 'पुढारी'ला पाठवाल ती 'बेळगाव'ची. 'प्रजावाणी' किंवा 'विजयवाणी'ला पाठवाल तिथे 'बेळगावी', 1 नोव्हेंबर 2014 पासूनचं अधिकृत नाव. त्याच 1 नोव्हेंबरला एका घरी कर्नाटकाचा राज्योत्सव आणि शेजारच्या मराठी घरी काळा दिन. एका ग्राहकाने शोरूमचं उद्घाटन त्याच तारखेला ठेवलं होतं, मुंबईच्या ऑफिसने मुहूर्त म्हणून निवडलेली तारीख. आम्ही चार दिवस पुढे ढकलायला लावली. त्या ऑफिसात इतकी हुशार माणसं होती, पण ही गोष्ट इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनासाठी इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये बेंगळुरूचे पत्रकार येतात तेव्हाही दोन्हीकडचं ऐकून घेऊन नीट शब्दांत सांगणारी माणसं शोधावी लागतात. अशी माणसं इथेच वाढतात.

शिकायचं कुठे? जवळचं म्हणाल तर बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, तिन्हीकडे पत्रकारिता व जनसंवाद शिकवतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. दिल्लीच्या आयआयएमसीत, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेत, पदवीनंतरचा 'जाहिरात व जनसंपर्क' असा जोडअभ्यासक्रम आहे. मुंबईच्या झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्समध्ये दोन्ही वेगवेगळे आहेत. एका नावात दोन विषय जोडलेले असतील तर अभ्यासक्रमाचा कागद मागून घ्या आणि मोजा: लेखन, माध्यमसंबंध, संकटकाळातलं काम, कायदा यांचे पेपर किती, आणि ब्रँड, मीडिया प्लॅनिंग, डिझाइनचे किती. पारडं कुठं झुकतंय ते तिथंच दिसेल. महागड्या खासगी संस्थेच्या माहितीपत्रकातल्या फोटोंपेक्षा हा कागद जास्त खरं बोलतो.

कुणी काय निवडावं हे मी सांगू शकत नाही, पण मुलांना बघून अंदाज येतो. गणपती मंडळाच्या देखाव्याची कल्पना ज्याला सुचते, जो रात्रभर बसून बॅनरचं अक्षर न् अक्षर जुळवतो, तो जाहिरातीत रमेल. त्याच मंडळात वर्गणीवरून भांडण लागल्यावर दोन्ही गटांच्या घरी जाऊन चहा पिऊन येतो, आणि पोलीस ठाण्यात परवानगीला ज्याला पाठवतात, तो जनसंपर्काचा. मला स्वतःला पहिलं काम जास्त आवडायचं. दुसरं जास्त जमतं, हे त्या पायरीवरच्या खुर्चीशेजारी उभं राहिल्यावर कळलं.

प्रवेशाला अजून दोन महिने असतील तर रोज एक मराठी आणि एक कन्नड वर्तमानपत्र समोर घ्या. एकाच घटनेची बातमी दोन्हींत शोधा, पहिला परिच्छेद हाताने उतरवा. जाहिरातवजा मजकूर कुठला आणि बातमी कुठली, यावर पेन्सिलने खूण करा. कन्नड वाचता येतं पण लिहिताना अडतं, अशी आपल्यातल्या पुष्कळांची गत असते. तेवढं या दोन महिन्यांत सोडवून घ्या, कॉलेजात त्याला वेळ मिळत नाही.