भोंग्यासकट

आमच्या कपाटात नव्वद मिनिटांची एक कॅसेट आहे. सोलापुरातल्या एका वाड्यात रंगलेली मालकंस रागाची बैठक. संथ विलंबित चाललेला, बुवा कोमल धैवतावर रेंगाळलेले, आणि तेवढ्यात गिरणीचा भोंगा. बुवा थांबतात. तानपुरे चालूच. भोंगा विरला की अलगद षड्ज लागतो आणि अख्खा वाडा हसून दाद देतो. त्या हशात आमच्या आजोबांचा खोकलाही ओळखू येतो. गाजलेल्या लाइव्ह तबकड्या मी पुढे पुष्कळ ऐकल्या, पण प्रत्येकीत शोधत राहिलो तो हा भोंगाच.

ध्वनिमुद्रणाची सुरुवात मात्र श्रोत्यांना बाहेर ठेवून झाली. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गनं गौहर जानचं गाणं टिपलं, तेव्हा समोर फक्त कर्णा होता. राग तीनेक मिनिटांत आटपायचा आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायचं, कारण तबकड्या छापायला जर्मनीला जायच्या. गाणारी कोण, हे तिथल्यांना कळणार कसं?

सबंध कार्यक्रम मावायला चुंबकीय टेप आणि १९४८ची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, यावी लागली. बेनी गुडमनचा कार्नेगी हॉलमधला जॅझचा कार्यक्रम १९३८चा, पण त्याच्या मूळ तबकड्या बारा वर्षं पडून होत्या. १९५० साली तो एलपीवर निघाला आणि धो धो खपला.

पण कंपन्यांचा जीव अजून स्वच्छ आवाजातच अडकलेला. १९५६ साली अमेरिकेत न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातल्या पॉल गोन्साल्व्हिसनं सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं घेतली. लोक बेभान झाले. पठ्ठ्या उभा होता मात्र भलत्याच माइकसमोर, रेडिओवाल्यांच्या! कंपनीच्या टेपवर तो लांबून वाजवल्यासारखा आला. कार्यक्रमाचा बराचसा भाग कंपनीनं स्टुडिओत पुन्हा वाजवून घेतला आणि वरून टाळ्या चिकटवल्या. रेडिओची टेप हाती लागल्यावर दोन्ही मुद्रणं जुळवून खरा कार्यक्रम बाहेर आला तो थेट १९९९मध्ये. याउलट अमेरिकन गायक जेम्स ब्राउन. न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधलं १९६२चं मुद्रण करायला कंपनीचा मालक राजी नव्हता, तर यानं पदरचे पैसे घातले. त्यातल्या बायकांच्या किंकाळ्या काढल्या तर गाणं अर्धं उरेल.

आपल्याकडचा मासला १ ऑगस्ट १९७१चा, न्यूयॉर्कमधल्या बांगलादेश मदत कार्यक्रमातला. रविशंकर, अली अकबर खाँ वाद्यं जुळवत होते आणि जुळवणी संपताच टाळ्यांचा कडकडाट. जुळवणीच एवढी आवडली, तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर म्हणाले. तबकडीतून ते कुणी कापलं नाही, हे नशीब.

मध्यंतरी आमची कॅसेट गावातल्या एकाकडे डिजिटल करायला दिली होती. त्यानं मोठ्या हौसेनं 'साफ' करून दिली. भोंगा गेला, खोकला गेला, त्यांच्यासोबत तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती गुंजणारी झार, तीही गेली. बुवा मालकंसात मध्येच का थांबतात आणि लोक का हसतात, ते आता त्या फाइलमध्ये कुणाला कळायचं नाही. मूळ कॅसेट त्याच संध्याकाळी जाऊन परत आणली.